जिताडा, बर्फी आणि उतावळं गेट

अकोल्यात समुद्र नाही. एकदा यायला निघाला होता म्हणतात, पण मे महिन्याचे दिवस, भुसावळपर्यंत आला आणि वाफ होऊन परत गेला. त्यामुळे मासा हा प्राणी आम्हाला भेटतो तो धरणातला, ज्याच्यात दोन काट्यांच्या मधे चुकून थोडं मांस राहून गेलेलं असतं. असा मी, जन्मानं आणि पोटानं अकोल्याचा माणूस, पनवेलशेजारच्या कोन गावात दोन दिवस राहून, गळ्यापर्यंत मासे भरून, जिवंत परत आलो. चौकात लोक अजून मला हात लावून पाहतात.

ज्यांना तिकडं जायला जमलेलं नाही त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतो आहे. लिहायला बसलो तेव्हा बायको म्हणाली, "जे झालं तेच लिहा. खोटं लिहू नका." मी खोटं कधीच बोलत नाही. खऱ्याला फक्त जरा हवा भरतो. कूलरचं दुकान आहे आमचं.

तर झालं असं. बायकोच्या धाकट्या भावाचा, दिगूचा, फोन आला. हा दिगू म्हणजे डॉक्टर दिगंबर. सुई टोचणारा डॉक्टर नव्हे. मुंबईतल्या एका मोठ्या संस्थेत तो स्वयंचलित नियंत्रणाचा शास्त्रज्ञ आहे. एखादी वस्तू माणसानं हात न लावता आपली आपण नीट चालावी, वाकडी गेली तर आपली आपण सरळ व्हावी, याचं ते शास्त्र. माझी बायको म्हणते, या शास्त्रातून नवरा निघाला की कळवा.

"भाऊजी," दिगू म्हणाला, "मला एका बापाशी बोलायचंय. मला बोलता येत नाही. तुम्ही या."

"कोणाच्या बापाशी? पोरगी पाहिली का काय, बापा?"

"माझी विद्यार्थिनी आहे, हर्षदा. कोन गावची. तिला हॉलंडच्या प्रयोगशाळेनं बोलावलंय. इतकी हुशार पोरगी मला साऱ्या नोकरीत मिळाली नाही. सोमवारी सकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचंय, आणि तिचे वडील तयार नाहीत."

"त्यांनी तुला सांगितलं?"

"तोंडानं नाही. ते जिताडा पाठवतात."

इथं मला फोन कानाला उलटा लावलाय की काय ते बघावं लागलं. मग दिगूनं समजावलं. जिताडा म्हणजे खाडीपट्ट्यातला मासा, माशांमधला जावईबापू. त्या भागातली रीत अशी, की एखाद्या मोठ्या माणसाचं मन वळवायचं असेल तर त्याच्या दारी जिताडा धाडायचा. तोंडानं काही मागायचं नाही. जे बोलायचं ते मासा बोलतो. आणि हर्षदाचे वडील, पांडूशेठ, गेले कित्येक महिने दिगूच्या दारी जिताडा धाडत होते. त्याचा अर्थ दिगूनं काढला, 'मास्तर, माझ्या पोरीला इथंच ठेवा.'

"मग तू काय केलंस?"

"मी उलट संत्रा बर्फी पाठवली. 'नाही हो, जाऊ द्या तिला' अशा अर्थानं. पुढच्या महिन्यात त्यांनी मोठा जिताडा पाठवला. मी मोठा डबा पाठवला. त्यांनी आणखी मोठा..."

शेवटचा जिताडा म्हणे दारातून आत घेताना तिरका करावा लागला होता. दिगूला मासा शिजवता येत नाही, म्हणून हे सगळे जिताडे संस्थेच्या वॉचमननं खाल्ले. पहिल्या माशाच्या वेळी तो वॉचमन खांबाआड लपला तर दिसत नसे. आता खांब त्याच्याआड लपतो.

शनिवार सकाळ, दिगूच्या गाडीत

मी कल्याणला उतरलो, तिथून दिगूनं मला गाडीत घातलं. दिगू गाडी चालवताना बोलत नाही, म्हणून त्याचं चरित्र मीच त्याला ऐकवत गेलो. वाचकांनाही ते ठाऊक असावं.

दिगूचा पहिला शोध तुपाचा. वय वर्षं बारा. अकोल्याचा उन्हाळा, घरात कूलर, तो सतत चालू ठेवला तर त्याचे वडील, म्हणजे माझे सासरे, ओरडत. दिगूनं स्वयंपाकघरातलं तूप एका वाटीत घेतलं, त्यात एक चमचा उभा केला. उकाडा वाढला की तूप पातळ होई, चमचा आडवा पडे, दोरी ओढली जाई आणि कूलर सुरू. आठवडाभर आख्खी गल्ली बघायला येत होती. आठव्या दिवशी मांजरानं तूप खाल्लं. चमचा पडला तो पडलाच, कूलर चालला तो चाललाच, आणि सकाळी सासऱ्यांना भर मे महिन्यात थंडी वाजून ताप आला. सासऱ्यांनी काठी घेतली. दिगू मात्र वहीत लिहीत होता, 'जो खबर देतो त्यालाच कोणी खाल्लं तर काय करावे?' या एका प्रश्नावर त्यानं पुढं चार शोधनिबंध लिहिले. मांजराचं नाव कुठंच घातलं नाही, इतका कृतघ्न.

मग इंजिनिअरिंग, मग मुंबई. तिथं त्याच्या गुरूंनी त्याला एक काठी दिली आणि म्हणाले, ही एका छोट्या गाडीवर उभी करून दाखव. काठी कलली की गाडीनं पुढंमागं पळून तिला सावरायचं. वर्षानुवर्षं दिगू काठी उभी करत होता. बरोबरीच्यांची पोरं उभी राहिली, चालायला लागली, शाळेत गेली. याची काठी उभी राहीना. शेवटी राहिली, तेव्हा म्हणे त्यानं तिला जेवायला विचारलं. पुढं त्याचं ते गणित एका यानाला आकाशात डुलू न देण्यासाठी वापरलं गेलं, आणि एकदा सासूबाईंनी चंद्राकडं बोट दाखवून सांगितलं, "तिकडं आमच्या दिगूची काठी आहे."

पण त्याचा खरा विषय म्हणजे उशीर. खबर उशिरा पोचली की चांगली चाललेली यंत्रणाही झोके घ्यायला लागते, तर तिला शांत कसं करायचं? यात दिगूचा हात देशात कोणी धरणार नाही, कारण तो स्वतः प्रत्येक ठिकाणी उशिरा पोचतो. एक मुलगी पाहायला गेला होता. 'विचार करून सांगतो' म्हणाला. विचार करून सांगायला गेला तेव्हा तिच्या मुलीचं बारसं होतं. घुगऱ्या खाऊन परत आला.

"भाऊजी," दिगू पहिल्यांदा बोलला, "ते बारसं नव्हतं. उष्टावण होतं."

शनिवार, कोन

पनवेल ओलांडलं की डोळ्यांची पंचाईत होते. डावीकडं भाताचं खाचर, त्यात बगळा. उजवीकडं वीस मजली इमारत, तिच्यावर क्रेन. बगळा क्रेनकडं बघतो, क्रेन बगळ्याकडं बघते. मधून एक्सप्रेस वे असा सुसाट जातो की रस्त्याकडेला उभं राहिलं तर मिशीचा भांग बदलतो. आणि या सगळ्याच्या काखेत कोन गाव, त्यात एकाहून एक बंगले. रंग असे की आमच्याकडं लग्नात नवरीलाही घालायला धजणार नाहीत. पांडूशेठचा बंगला गुलाबी, आणि गच्चीवर सिमेंटची बैलजोडी, खालच्या जगाकडं तुच्छतेनं बघणारी. खरी जोडी मागं गोठ्यात होती. शर्यतीची.

बंगल्याला गेट होतं, आपोआप सरकणारं. आमची गाडी दिसताच ते उघडलं. दिगूनं गाडी पुढं घेतली, गेट बंद व्हायला लागलं. दिगूनं घाबरून मागं घेतली, गेट उघडलं. पुढं घेतली, बंद. देशातला नामांकित नियंत्रणशास्त्रज्ञ एका गेटबरोबर फुगडी घालत होता.

वरच्या गॅलरीत बनियनवर, गळ्यात बैलाला बांधता येईल एवढी सोनसाखळी घालून एक धिप्पाड गृहस्थ चहा पीत उभे होते. ते गर्जले, "थांबू नका मास्तर! घुसा! त्याला इचार कराला देव नका!"

दिगू घुसला. गेटनं गाडीचा मागचा बंपर हळूच चाटला आणि बंद झालं.

"आमचे हर्षदानी दहावीत बसवलान ता," पांडूशेठ खाली येत छाती फुगवून म्हणाले. "लोक बोलतान, शेठ, नवीन लावा. मी बोललो, हात लाव, हात तोरून देतू."

दिगू तोवर गेटच्या मोटरीला कान लावून उकिडवा बसला होता. "याला उशिरा कळतं," तो मला हळूच म्हणाला, "आणि कळलं की फार घाई करतं."

"दिगू," मी म्हणालो, "हे तुझी पत्रिका वाचल्यासारखं झालं."

हर्षदा दारातच होती. उंच, तरतरीत, डोळ्यांत हसू. आमच्याशी शहरी बोलायची, घरच्यांशी वळली की भाषाही वळायची, गाडीचा गिअर पडावा तशी. पाणी देता देता ती दिगूच्या कानाशी लागली, "सर, आज विषय काढू नका. बाबांचा मूड बघून मी सांगते." मग आत जाताना बापाच्या कानाशी लागली. तिथं काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. पण पांडूशेठनी आमच्याकडं बघून मान डोलावली आणि मोठ्यानं हाक मारली, "पानं घ्या गो!"

आता जेवणाचं सांगितलं पाहिजे, कारण इथून पुढं जे झालं ते ताटात झालं.

आमच्याकडं पाहुण्यानं ताट पुसून लख्ख केलं की यजमान समजतो, तृप्त झाला. अन्न टाकणं म्हणजे अन्नाचा अपमान. कोनमध्ये उलट. तिथं पाहुण्याचं ताट रिकामं दिसणं म्हणजे यजमानाची नाचक्की. उद्या गाव म्हणेल, पांडूशेठकडं कमी पडलं. ताटात थोडं उरवलं, तर समजायचं माणूस तृप्त. ही रीत आम्हाला कोणी सांगितली नाही, आणि आमची त्यांना.

दिगूनं बसतानाच मला बजावलं, "भाऊजी, एक कण टाकायचा नाही. बापाचं मन राखायचंय." आणि आमच्या पाठीशी हर्षदाची आई, हिराबाई, हातात डाव घेऊन उभी होती.

तांदळाची भाकरी, मऊ, पांढरी, आमच्या ज्वारीच्या भाकरीची गोरी चुलतबहीण. कोळंबीचं कालवण. जवळा. तळलेले बोंबील, बाहेरून कुरकुरीत आणि आत असे की जिभेनं नुसतं 'या' म्हटलं तरी विरघळावेत. पहिलं ताट मी आनंदानं संपवलं. दुसरं कौतुकानं. तिसरं मेहुण्यासाठी. ताट लख्ख झालं की हिराबाई दचकायची, "अगो बाय, संपला!" आणि डाव यायचा. डाव आला की दिगू दचकायचा, आणि मान खाली घालून ताट लख्ख करायचा. म्हणून पुन्हा डाव. चौथ्या ताटाला मला पलीकडच्या काठावर माझे पूर्वज दिसले. ते पाटावर बसून वाट बघत होते.

बोलायला म्हणून मला अकोल्याहून आणलेलं. पण तोंड रिकामं होईल तेव्हा ना!

शनिवार, तिसरा प्रहर, करंजा

जेवण जिरवायला पांडूशेठनी आम्हाला उरणकडं करंज्याच्या बंदरावर नेलं. हर्षदाही बरोबर होती. बंदराशी बांबूंवर ओळीनं काहीतरी लटकत होतं. मी म्हणालो, "वा, अख्ख्या गावानं एकदम मोजे धुतलेत." पांडूशेठ इतके हसले की शेजारच्या बोटीनं दोर ताणला. ते बोंबील होते, वाळत घातलेले. मला मात्र अजून वाटतं, दोन-तीन मोजे होते त्यात.

बंदरावर माशांचे लिलाव चालतात. आमच्याकडच्या कापसाच्या लिलावात माणसं दबक्या आवाजात एकमेकांना फसवतात. इथं मोठ्यानं फसवतात, एवढाच फरक. पांडूशेठ एका कोळणीपुढं जाऊन उभे राहिले. त्यांना जिताडा हवा होता, आजवरच्या सगळ्यांहून मोठा.

"शेठ, परत जिताडा?" ती म्हणाली. "हर म्हयन्याला जिताडा! कोनाचा मन वलवताव? मंत्री हाय का जावय?"

"यो शेवटचा," पांडूशेठ म्हणाले. "उंद्या काय ता कलंल."

तिनं जो मासा काढला त्याच्याबद्दल लिहिताना माझी लेखणी थरथरते. दोन माणसांनी उचलला. गाडीत ठेवला तर शेपूट पुढच्या सीटवर आलं. परतीच्या वाटेवर तीन वेळा माझ्या मांडीवर ते हललं. वारा असेल, दिगू म्हणतो. काचा बंद होत्या.

दिगू मात्र खचला होता. "एवढा मोठा," तो पुटपुटला. "भाऊजी, हे काही पोरीला सोडत नाहीत." आणि हर्षदा खिडकीबाहेर बघत होती. आपल्या भल्याची बोलणी चाललेली असताना पोरगी इतकी गप्प का, असा मला प्रश्न पडला. मी तो जिताड्याला विचारला. त्यानं डोळा मिटला नाही.

रविवार सकाळ, पांडूशेठची न्हाणी

बंगल्यात पाणी गच्चीवरच्या सोलरमधून येतं. गच्ची उंच, नळी लांब. मी गरम पाण्याची चावी फिरवली, थंड आलं. आणखी फिरवली, थंडच. पूर्ण फिरवली, आणि तेवढ्यात मघाचं सगळं गरम एकदम येऊन पोचलं. मी किंचाळून थंडाची फिरवली, तरी गरमच. आणखी फिरवली. मग हिमालय कोसळला. मी गरमाकडं झेप घेतली. असा मी एका पायावर, कधी बटाटा तर कधी कुल्फी, होत राहिलो.

दाराबाहेरून दिगूचा आनंदी आवाज आला, "भाऊजी! हाच माझा विषय! खबर उशिरा पोचतेय आणि तुम्ही जास्तीच फिरवताय! थोडंसं फिरवा आणि थांबा!"

"दिगू, मेलो!"

"थांबा! यंत्रणेला पोचू द्या!"

थांबलो. खरंच पाणी कोमट झालं. मेहुण्याच्या शास्त्राचा एवढ्या वर्षांत मला झालेला हा पहिला उपयोग, त्याची इथं अंगावर टॉवेल घेऊन नोंद करतो.

रविवार दुपार, ताटावर

मग जिताडा आला. परातीत मावला नव्हता, म्हणून तीन पातेल्यांतून हप्त्याहप्त्यानं आला. आमची पानं मांडली. हिराबाई डाव घेऊन पाठीशी. पांडूशेठ समोर मांडी घालून, नजर दिगूच्या ताटावर. हर्षदा पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर द्यायचं होतं आणि त्या विषयाचा एक शब्द अजून कोणी काढला नव्हता.

जिताडा काय चीज आहे ते मी सांगू शकत नाही. पहिला घास घेतला आणि मला अकोल्यात जन्माला घातल्याबद्दल आईबापांचा राग आला. पण चौथ्या तुकड्याला तो राग ओसरला. सहाव्याला त्यांच्याविषयी आदर वाटू लागला.

दिगू ताट लख्ख करत होता. डाव येत होता. दिगूच्या कपाळावर घाम, कानातून वाफ, शर्टाची दोन बटणं तुटून एक पातेल्यात पडलं आणि एकानं भिंतीवरच्या घड्याळाची काच फोडली.

"घ्या वो मास्तर," पांडूशेठ कळवळून म्हणाले. "लाजताव काय? तुमचे मनासारका नाय झाला काय?"

"झालं... झालं..." दिगू म्हणाला आणि ताट पुसलं.

"अगो बाय, संपला!" हिराबाई. डाव.

आणि दिगू उठला. उठला म्हणजे उठायचा प्रयत्न केला, निम्मा उठला, आणि तिथंच हात जोडून कळवळला, "शेठ! पाया पडतो! तुमच्या पोरीला जाऊ द्या! अशी पोरगी पुन्हा होणार नाही! मी आता एक घासही... तुमचे जिताडे घ्या परत, पण तिला हॉलंडला जाऊ द्या!"

डाव हवेत थांबला. कालवणाचा एक थेंब माझ्या डोक्यावर पडला.

पांडूशेठचं तोंड उघडं. "म्हंजे? मी कवा आरवली तिला?"

"तुम्ही... जिताडे..."

"ते तुमाला धाडलं, मास्तर! पोरीला सोडा म्हनून! हर्षदा बोलली, सर अजून सोडीत नाय. मी बोललो, लहान मासा धाडला म्हनून मास्तर रागावला. मोठा धाडला. तुमी काय केलाव? बर्फी धाडलाव परत! मी समजलो, मास्तर बोलतो, तुमचा मासा नको, पोर देनार नाय!"

"मी तर बर्फी पाठवत होतो की तुम्ही सोडा म्हणून!"

"आमी ती रागानं बैलांना घातली!" पांडूशेठ ओरडले. "शर्यतीचे बैल माझे! संतऱ्याची बर्फी खाऊन खाऊन धावाचा नावच घेत नाय! सुटला का बोलला का गोठ्यातच लोलतान!"

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. मधे जिताड्याचं डोकं. मला वाटलं, त्यालाही हसू आवरत नाहीये.

मग सगळ्यांच्या माना एकदम दाराकडं वळल्या. हर्षदानं तांब्या दोन्ही हातांनी धरला होता.

"तू मला म्हणालीस, बाबा तयार नाहीत," दिगू म्हणाला.

"मना बोललीस, सर सोडीत नाय," पांडूशेठ म्हणाले.

"हो," ती तांब्याकडं बघत म्हणाली. "मला वाटलं, दोघांपैकी एक तरी खरंच नाही म्हणेल. मग मला ठरवावं लागणार नाही. तुम्ही दोघं मासा नि बर्फी पाठवत बसलात, तेवढे दिवस मला बरं होतं."

"पण का, बाय?" हिराबाईनं डाव खाली ठेवला. दोन दिवसांत पहिल्यांदा.

"तिथं जमलं नाही तर? इथं माझं चुकलं की गेट चुकतं. गाव हसतं, संपलं. तिथं कोण आहे हसून सोडून देणारं?"

बाहेर गेटला कुठली म्हैस दिसली कोण जाणे, ते उघडलं, बंद झालं, उघडलं.

पांडूशेठ तसेच उठले. पोरीसमोर जाऊन उभे राहिले. हा माणूस बोलला की घराचे वासे हलतात, पण तेव्हा आवाज खाली आला होता.

"दहावीपासून चुकतंय ता गेट. माज्या दोन गाड्या चेपल्यान त्यानं. मामाचा पाय आरकला. मी बदलला काय? गेट हाय ता, देऊल नाय. चुकंल नि परत उघरंल." मग खिडकीबाहेर एक्सप्रेस वेकडं हात केला. "सगली दुनिया आपले दारावरशी जाते नि येते. आपले घरातला कोनीच कुठं गेला नाय. तू जा."

आणि पुन्हा तिच्याकडं वळून म्हणाले, "नि तिकडं पन, आमी आगरी लोकांनी काढली तशी, दर्याला बांध घालून खारजमीन काढलीन बोलतान. म्हंजे तेपन आगरीच की! घाबरतंस कोनाला?"

हर्षदा हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम केलं, गेटसारखं. नाक पुसलं, म्हणाली, "हात धुऊन येते," आणि आत जाऊन लॅपटॉप घेऊन आली. आमच्या समोर, जिताड्याच्या साक्षीनं, तिनं 'हो' कळवलं.

दिगू मात्र भिंतीला टेकून छताकडं बघत होता. "वाढत जाणारा झोका," तो पुटपुटला. "लहान मासा, मोठा डबा, मोठा मासा, आणखी मोठा डबा... भाऊजी, आयुष्यभर मी हेच शिकवलं. आणि मी आतच बसलो होतो, म्हणून मला दिसलं नाही."

"मंग आता तरी निवांत जेवा," हिराबाई म्हणाली आणि डाव उचलला.

दिगूनं ताटाकडं पाहिलं. त्यात अर्धी भाकरी होती. त्याचा हात तिच्याकडं गेला, थांबला, मागं आला. आमच्या सासऱ्यांच्या पोरानं जन्मात पहिल्यांदा ताटात अन्न टाकलं.

हिराबाईनं ती अर्धी भाकरी बघितली, समाधानानं मान हलवली आणि डाव ठेवून दिला.

"हां!" ती म्हणाली. "आता जेवला मास्तर."

निघताना पांडूशेठनी गाडीत इतका सुका बोंबील भरला की अकोल्यात मी उतरलो तेव्हा स्टेशनवर मांजरांचं शिष्टमंडळ स्वागताला हजर होतं. गेटनं आमचा दुसराही बंपर चाटला. दिगू खाली उतरून मोटरीजवळ बसला, खिशातून पाना काढला, पुन्हा खिशात ठेवला. "राहू दे," म्हणाला.

अकोला, पुढच्या उन्हाळ्यात

हर्षदा गेली. दिगूच्या दारी आता जिताडा येत नाही, त्यामुळे वॉचमन खांबाच्या मापावर परत आला आहे. पांडूशेठच्या बैलांची बर्फी बंद झाली, आणि परवाच्या शर्यतीत ते इतके पळाले की त्यांना थांबवायला म्हणे पेणपर्यंत जावं लागलं.

परवा दिगूनं मला एक फोटो पाठवला, हर्षदाकडून आलेला. हॉलंडमधलं तिचं घर. टेबलाशी तिचे तिथले मोठे प्रोफेसर, लांब, लालेलाल, घामानं डबडबलेले, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. समोर ताट, लख्ख पुसलेलं. आणि त्यांच्या पाठीशी हर्षदा, हातात डाव.

खाली तिनं लिहिलं होतं, 'सर, इकडंही तुमच्यासारखी ताट लख्ख करायची रीत आहे. पाचव्यांदा वाढतेय. सांगू का त्यांना आमची रीत, की अजून जरा बघू?'

दिगूनं उत्तर दिलं, पण त्याच्या सवयीप्रमाणे विचार करून, दोन दिवसांनी. तोवर, मी ऐकतो, प्रोफेसर सहाव्या भाकरीवर होते.